तेलाच्या डब्यातला बेल

…आणि वरून घरचे मलाच म्हणतात, “सिंधू, लेकरासारखं झाड, अन् तू त्याला तहानलेलं ठेवलंस!” मी? अहो, पाच दिवसाला एक टँकर, भांड्यांची रांग पार गल्लीच्या तोंडापर्यंत, कडेवर नीला, डोक्यावर कळशी… तरी तांदूळ धुतलेलं पाणी मी कधी सांडलं न्हाई, थेट झाडाला नेऊन घातलं. साबणाचं न्हाई, मिठाचं न्हाई, तेवढं सातवी शिकलेल्या बाईला कळतं हो! पण बोलायचं कुणाला? माझी तक्रार न्हाई. सगळं मायेनंच चाललेलं.

आता झाड कुठलं ते सांगते. आमच्या नीलाच्या बारशाला अव्वांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, उदगीरहून बेलाचं वीतभर रोप आणलं. लातुरात आमचं अंगण म्हणजे चार फरशा. म्हणून करडीच्या तेलाचा रिकामा डबा घेतला, मी सोड्याच्या पाण्यानं घासला, बुडाला खिळ्यानं पाच भोकं पाडली, भोकांवर खापराचे तुकडे, मग माती, जुनं शेणखत, दोन मुठी वाळू. अव्वांनी डब्याला भस्माची तीन बोटं ओढली अन् म्हणाल्या, “हे नीलाच्या नावाचं. हे वाढंल तशी ती वाढंल.”

झालं! माझ्या जिवाला घोर. पान हललं की मी पोरीचं कपाळ बघायची, पोर शिंकली की जाऊन पानं मोजायची.

त्यात दुष्काळ, अन् लातूर जिल्हा नवा. नवा जिल्हा म्हणजे काय, तुम्हाला सांगते… पाट्या नव्या, साहेब नवे, भाडेकरू नवे. नळ तोच, कोरडा. आमच्या पुढच्या खोलीत व्यंकटराव आले राहायला, देगलूरकडचे, शेतीच्या हापिसात कारकून. कारकून बरं का! पण मातीवरून चालले तरी ती वाकून हुंगायचे.

नीला वर्षाची होत आली. श्रावण कोरडा गेला. भादव्यात बेलाचं खालचं पान पिवळं पडलं. मग दुसरं. अन् त्याच आठवड्यात नीलाचं पोट बिघडलं. सांगा, मी काय समजायचं? अंगणात सगळे गोळा. अव्वा म्हणाल्या, “तहान लागली गं त्याला!” सासरे, शंकरप्पा, म्हणजे आमचे अप्पा, बाजेवरून ओरडले, “ऊन लागलं, ऊन! पोतं बांध वरून!” बांधलं. व्यंकटराव चष्मा पुसत म्हणतात, “वहिनी, यावर आमच्या हापिसात अख्खी फाईल हाय.” “मग काय लिवलंय त्यात?” “ते… साहेबांच्या कपाटात हाय.” अन् आमचे मालक, मन्मथ, पेपरातून तोंड न काढता, “बघ काहीतरी.” बघ! मीच बघ! पण माझी तक्रार न्हाई. सगळं मायेनंच.

पोरीला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पोट वाजवलं. “खायला कोण घालतं?” म्हटलं, “मीच की, दिवसातून चार बार.” डॉक्टर हसले. म्हणाले, “बाई, घरी जाऊन नीट विचारा.”

विचारलं. “मी न्हाई!” “मी न्हाई!” चौघंही असे की जसं काय घरात चोरी झाली. मग हळूहळू बाहेर आलं… अव्वांचा तूप-भात, अप्पांचा बत्तासा, मालकांचं चहात बुडवलेलं बिस्कीट, व्यंकटरावांचं अर्धं केळं! प्रत्येकाला वाटतं, पोर उपाशी हाय अन् आपल्याशिवाय कुणाच्या ध्यानात न्हाई.

मी तशीच अंगणात गेले. म्हटलं निदान डबा सावलीला सरकवावा. हलंच ना! मला वाटलं, अप्पांनी आत पाटा-वरवंटा पुरला का काय! कसाबसा कलता केला तर वरून चिखल डुचमळला, अन् वास… गटारीला लाज वाटावी असा. बुडाखाली हात घातला. पाच भोकं, अन् पाचीवर चकचकीत डांबर!

“हे कुणी केलं?”

“मी,” अव्वा शांतपणे म्हणाल्या. “रोज लिंगाच्या पूजेचं पाणी मी त्यात घालते. ते गळून फरशीवर यायचं, अन् तुझा नवरा त्यावरून चपला घालून फिरायचा. पाप कुणाच्या माथी?”

मग अप्पा घसा खाकरून, “मी आपलं तांब्यात उरलेलं…” मालक, “मी दाढीच्या आधीचं, घोटभर.” व्यंकटराव, “आमच्या हापिसात माठ हाय ना, वहिनी… बाटलीभर.” अन् माझं तांदळाचं होतंच. अख्खं लातूर घोटासाठी तडफडून राहिलं, अन् आमचा बेल बुडून मरून राहिला!

खिळा तापवून मी भोकं मोकळी केली. काळी पडलेली मुळं कापली, कोरडी माती-वाळू भरली. बुडाखाली दोन विटा, मधे जुनी परात. गळालेलं पूजेचं पाणी परातीत, अन् लागंल तेव्हा परत झाडाला. पायाखाली थेंब न्हाई! अव्वांनी परातीला हात जोडले. मातीवर शेंगांची टरफलं पसरली, म्हणजे ओल उडत न्हाई. अन् नियम केला, आधी टरफलं सारून मातीत दोन पेरं बोट घालायचं. माती बोटाला चिकटली, तर पाणी न्हाई. बोट कोरडं निघालं, तरच तांब्याभर, सकाळी, बुडाशी. नीलाला भरवायचं ते फक्त मी.

पंधरा दिवस मी श्वास धरून होते. मग एका सकाळी टोकाला तीन पानांची नखाएवढी तांबूस पालवी दिसली. मी आधी पोरीकडं धावले. पोर मस्त, हात-पाय झाडून राहिली होती. अंगणात बसून रडले हो थोडं.

आता चोरून पाणी कुणी घालत न्हाई. खरंच न्हाई. पण बोट? सकाळी अव्वांचं, दुपारी अप्पांचं, कामावर जाताना मालकांचं, हापिसातून येताना व्यंकटरावांचं! माती कसली, चाळणी झालीय. अन् त्याच बोटानं जाता-येता नीलाचं पोट दाबून बघतात, “सिंधू, रिकामं लागतंय गं!”

माझी तक्रार न्हाई. सगळं मायेनंच. अन् खरं सांगते… मातीत रोज पाच भोकं असतात. पाचवं माझं.