बरंय म्हणणाऱ्यांची रांग

आदरणीय अध्यक्षबाई, मंचावरचे ज्येष्ठ सहकारी, साफसफाईपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळ्या विभागांतले मित्रहो, आणि पहिल्या रांगेत यजमानांशेजारी अवघडून बसलेल्या आपल्या खिडकीताई,

चार नंबरच्या खिडकीत एकतीस वर्षं रुग्णांची नोंदणी केलेल्या बाईंना निरोप देताना डॉक्टरने काय बोलावं? औषधांची नावं सोडली तर मला फारसं बोलता येत नाही. सांभाळून घ्या.

नऊ वर्षांपूर्वी नोंदणीचा एक नियम मी केला होता. त्रास चालू असेल तर आजच आत. थांबला असेल तर तीन आठवड्यांनंतरची तारीख. एका सकाळी ताईंच्या यजमानांच्या हातून कप निसटला, तोंड वाकडं झालं. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. 'बरंय गं,' म्हणाले. ताईंनी घरच्या माणसालाही नियमाप्रमाणे तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. चौथ्या दिवशी त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला. बरंय.

पक्षाघाताचा छोटा झटका असाच असतो. येतो, जातो, आणि मोठ्याला वाट दाखवून जातो. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की! नियम करताना माझं डोकं कुठे होतं, कोण जाणे.

रजा संपल्यावर ताई थेट आमच्या नियोजनाच्या बैठकीत आल्या. आता माझी काही खैर नाही, असं समजून मी मान खाली घालून बसलो. त्या एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, बरंय म्हणणाऱ्यांची रांग आधी लावा." त्याच दिवशी तपासणी, मेंदूचा फोटो, मानेतल्या रक्तवाहिन्या पाहणं, औषधाची पहिली गोळी, हे सगळं आम्ही त्या एका वाक्याभोवती आखलं. कौतुकाचं पत्र मात्र माझ्या नावाने आलं आणि मी ते मुकाट फ्रेम करून लावलं. त्याची मला लाज वाटते.

शेवटी आभार मानायचे आणि चुकलंमाकलं पोटात घाला म्हणायचं, अशी रीत आहे. आभार सगळ्यांचे, मनापासून. माफी मात्र मी आज रीत म्हणून मागत नाही. ताई, तुमची मागतो. आणि यजमानांची.

काय म्हणालात?... ऐकलंत? 'बरंय' म्हणतायत. ताई, याचा अर्थ माफ केलं, की आता भाषण आवरा, हे तुम्हीच सांगा. मी खाली येतोय.