वटवाघूळ नक्की कोण झालं होतं?

"…भावानं बहिणीचं लाटलं म्हणे, तेही आईच्या देखत, आणि आता…" एवढं बोलून, शिवणमावशींच्या दाराकडे बोट करत इस्त्रीवाला लिफ्टमध्ये शिरला नि दार लागलं. अर्धी बातमी ऐकून माणसाला घास गोड लागतो का, तुम्हीच सांगा. मला काय करायचंय म्हणा. पण शिवणमावशी माझ्या भिंतीपलीकडच्या, त्यांचं मशीन त्याच भिंतीला टेकलेलं, लग्न होऊन आले तेव्हा त्या खडखडाटानं झोप लागायची नाही, आणि आता मशीन बंद आहे तर शांततेनं लागत नाही… असो. सुई मागायच्या निमित्तानं गेले.

मावशी खिडकीशी, मांडीवर बटणांचा डबा. त्यांची धाकटी लॅपटॉपपुढे, डोळे लाल. मी म्हटलं, "काय गं, सोनं गेलं का?"

"काकू, दादानं माझं वटवाघूळ घेतलं."

तुम्हाला सांगते, मी खालीच बसले. तर झालं होतं असं, की मावशींना हल्ली काही आठवत नाही, माणसांची नावंसुद्धा निसटतात. डॉक्टर म्हणाले, जुन्या गोष्टी लिहून काढा, रोज वाचून दाखवा, एखादी तरी धरून ठेवतील. म्हणून धाकटी इथून लिहिते, थोरला त्याच्या गावाहून, कागद एकच, कॉम्प्युटरमधला. त्यात आलं शाळेतलं नाटक. मावशींनी वटवाघळाचे पंख शिवले होते, काळे, आत तारा घालून, हात पसरला की फडाक्कन उघडणारे! धाकटीनं लिहिलं, वटवाघूळ मी झाले होते. थोरला प्रवासात, रेंज नाही, त्यानं मोबाईलवर तीच ओळ पुसून लिहिलं, वटवाघूळ मी झालो होतो. रेंज आली आणि कॉम्प्युटर अडला, दोन्ही ओळी शेजारी ठेवून विचारतो, हिचं ठेवू की त्याचं? हिनं आपलं ठेवलं. त्यानं परत बदललं. कुणी काय पुसलं ते सगळं रंगीत दिसतं बरं का, त्याचं हिरवं, हिचं लाल… आमच्या वेळी पुसलेलं पुसलं जायचं, सुख होतं त्यात. आता दोघांचं बोलणं बंद, आणि मावशींना आठवडाभर एक अक्षर वाचून दाखवलेलं नाही.

मला काय करायचंय म्हणा. पण या भावंडांची भांडणं मी त्यांच्या लहानपणापासून ऐकलीयेत. मावशी मशीन न थांबवता म्हणायच्या, "आधी दोघं सुईत दोरा ओवून द्या, मग ऐकते." दोरा जाईपर्यंत भांडण विसरलेलं. म्हटलं, "लाव दादाला फोन."

"काकू, तुम्ही यात पडू नका," थोरला.

"पडतेय कुठे? सुई न्यायला आलेय. दोन्ही ओळी ठेवा आणि वाचा आईला."

"दोन्ही कशा ठेवणार? वटवाघूळ एकच होतं."

"वाच गं तू."

धाकटीनं वाचलं. बटणं चाळता चाळता मावशींचा हात थांबला.

"एकेक पंख," म्हणाल्या. "दोघांनाही व्हायचं होतं. मग झगा मधोमध कापला. खांद्याला खांदा लावून उभी केली दोघांना. वटवाघूळ एकच."

धाकटी टाईप करतेय नि नाक पुसतेय. फोनमधून बारीक आवाज आला, "मी डावीकडे होतो ना गं आई?"

"हो. तिचा पाय तुडवत होतास."

मीही डोळे पुसले, उठले. तर मावशींनी माझ्याकडे बोट केलं. नाव काही आठवलं नाही त्यांना माझं, पण म्हणतात कशा, "पंखांना लावलेली छत्री हिची होती. जिन्यात वाळत घातलेली. विचारायचं राहून गेलं."

माझी लग्नातली छत्री! लाकडी मुठीची! बसमध्ये विसरून आलात म्हणून आमच्या ह्यांना मी परवासुद्धा ऐकवलं होतं…

"काकू, हेही लिहू का?" धाकटी विचारते. लिही म्हटलं, आता काय.

खाली इस्त्रीवाला भेटला. म्हटलं, "लाटलं ते खरं हो. पण भावानं नाही, आणि बहिणीचंही नाही."

"मग कुणाचं?" तो विचारतोय तोवर लिफ्टचं दार लागलं.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. मला काय करायचंय म्हणा.