पानाच्या टोपल्यातली शिशी

माह्या लग्नात मामा अन् सासरे एका टोपल्यापायी भांडले, ते सांगतलं काय तुमाले? मामाले साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई लागे. शिशी गार ठेवा लागे, अन् तवा बरफ ना वाशीमले भेटे ना कारंज्याले. पन मामाचा पानमळा होता. त्यानं ओल्या पानाइच्या टोपल्यात मधोमध शिशी ठेवली अन् छकड्यात गारेगार आनली.

जेवनं झाली अन् पाव्हने पानासाठी टोपल्याकडे वयले. मामानं टोपलं पोटाशी धरलं. "हात नोका लावू!"

सासरे तापले. "एवढा पानमळा तुमचा, अन् जीव गेला तरी पान सुटत नाई काय?"

मामानं पानं बाजूले सारून शिशी दाखवली. "पान सुटलं तंच जीव जाते, व्याही!"

सासरे उठले. मंग त्याइनं लोटाभर पानी टोपल्यावर शिपडलं अन् मांडवात वरडले, "खबरदार, कोनी पान मांगतलं तं!"