वरची कडी, खालची कडी

(चिखलीजवळच्या खेड्यातलं पाटलांचं घर. विदर्भ नव्या महाराष्ट्रात आला, त्या सुमाराची गोष्ट. पाटील वारले, मागे दोन बायका राहिल्या : थोरली सुभद्राबाई, धाकटी अन्नपूर्णाबाई. ओसरी एक, चुली दोन. मलकापूरहून पाटलांचा चुलतभाऊ शालिग्राम आला आहे.)

सुभद्राबाई : भाऊजी, तिले सांगा, चहात साखर टाकतात. साखरेत चहा नाही टाकत.

अन्नपूर्णाबाई : तुम्हीबी सांगा तिले भाऊजी, मलकापूरहून एसटीत हाडं खिळखिळी करून आलेल्या माणसाले गोडच पायजे. बेचव प्यायचा असन तं तिकडच्या चुलीवरचा प्या म्हणा.

शालिग्राम : अवं, दोघी समोरासमोर बसल्या, दोघींचे कान साबूत. मी काऊन मधात पोस्टमन?

सुभद्राबाई : तिच्याशी मी बोलत नाही.

अन्नपूर्णाबाई : मी बोलत नाही तिच्याशी! पयले मी सोडलं.

सुभद्राबाई : पयले मी. पुष्पी सासरी निघाली त्या दिवशी. गाडी वेशीच्या बाहीरबी गेली नव्हती.

शालिग्राम : पुष्पीवरून बिघडलं?

अन्नपूर्णाबाई : मंग काय! पोटात मी वागवली, अन् निघताना पोरीनं मिठी मारली थोरलीले. आधी थोरलीले! मले राग नाही येणार? बोलली मी, जे तोंडात आलं ते.

सुभद्राबाई : "माही पोरगी चोरली" म्हणे. साऱ्या वऱ्हाडासमोर. गोवर निघाला तवा रातभर मांडीवर कोणी घेतली, विचारा तिले.

अन्नपूर्णाबाई : तिनंच घेतली. मी कुठी नाही म्हणतो?

शालिग्राम : गावात तुमच्या घराले काय म्हणतात, ठाऊक हाये? दोन राण्यांचं राज्य.

सुभद्राबाई : एक राणी दळते, एक राणी म्हैस दोहते. राज्य बरं चाललं हाये.

शालिग्राम : धाकट्या वयनी, विहिरीचं ताजं पाणी आणता का लोटाभर?

अन्नपूर्णाबाई : आणतो. पण मले उठवायचं होतं तं सरळ म्हणायचं ना, भाऊजी. माठ तुमच्या मांडीले लागून हाये.

शालिग्राम : गेली का? हां. आता ऐका थोरल्या वयनी, मतलबाची गोष्ट. जमाना बदलला. एकाले दोन बायका कायद्यात बसत नाहीत आता.

सुभद्राबाई : आमची लग्नं जुनी हायेत.

शालिग्राम : तेच तं! जुनं लगन, म्हणून अर्ध्या घरावर तिचा हक पक्का. पण लगन झालं होतं, हे सांगाले उरलं कोण? भटजी गेला, तिचे मायबाप गेले, दादाबी गेला. एकट्या तुम्ही उरल्या. तुम्ही तहसिलीत इतकंच म्हणा, की लगन-बिगन काही नव्हतं, तशीच आणून ठेवली होती. खतम! सारं घर तुमचं.

सुभद्राबाई : अन् ती?

शालिग्राम : जाईन पोरीकडे. इतका त्रास तुम्ही काऊन सोसता? तोंड पाहत नाही तुम्ही तिचं.

सुभद्राबाई : पाहतो ना. बोलत नाही फक्त. अन् तुम्हाले काय पायजे, भाऊजी?

शालिग्राम : मले काय पायजे! सडकेकडचा भाग रिकामा होईन, तथी सरकीचं गोदाम टाकीन म्हणतो. मोटारी थेट दारात लागतात. तुम्हालेबी सोबत.

सुभद्राबाई : दार पाह्यलं आमचं?

शालिग्राम : सागवानी हाये. पाह्यलं.

सुभद्राबाई : दोन कड्या हायेत त्याले. ती या घरात आली त्याच वर्षी तुमच्या दादानं दुसरी ठोकून घेतली. वरची माही, खालची तिची. दरोड्याचे दिवस होते. म्हणे, एकीच्या मनानं हे दार उघडलं नाही पायजे. बाहीरचा आला तं दोघी मिळून उभ्या राहा, आतमधी मंग झिंज्या उपटा एकमेकींच्या.

शालिग्राम : दादा मजाकी होता.

सुभद्राबाई : मजाक नव्हती ती.

अन्नपूर्णाबाई : पाणी घ्या, भाऊजी. अन् सांगा तिले, मी सारं ऐकलं. विहीर इतकी दूर नाही.

शालिग्राम : वयनी, तुम्ही गैरसमज...

अन्नपूर्णाबाई : सांगा तिले, तिच्या मनात असन तं खुशाल जा म्हणा तहसिलीत. मी भांडणार नाही. पेटी उचलतो अन् पुष्पीकडे जातो. पण 'ठेवलेली' नको म्हणू म्हणा. लेकीच्या सासरी कोणतं तोंड दाखवू मी? दुसरं काहीबी म्हण म्हणा. चोट्टी म्हण, भांडकुदळ म्हण. ते मी हायेच.

सुभद्राबाई : भाऊजी, विचारा तिले, हळद कोणी लावली होती.

शालिग्राम : आता हळदीचं काय मधातच?

सुभद्राबाई : विचारा.

शालिग्राम : हळद कोणी लावली, वयनी?

अन्नपूर्णाबाई : थोरलीनं.

सुभद्राबाई : दळलीबी मीच. रडत रडत दळली. माही कूस उजवत नव्हती म्हणून आणत होते तिले. मनात आलतं, मूठभर तिखट मिसळून द्यावं हळदीत. नाही मिसळलं. हाताले लावली, गालाले लावली, कानामागं लावली, तं ही हसाले लागली. म्हणे, बाई, गुदगुल्या होतात! हे सांगीन मी तहसिलीत. चिखलीले सांगीन, बुलडाण्याले सांगीन, मुंबईले न्याल तं तथीबी सांगीन. बोला, कवा निघायचं?

शालिग्राम : अवं वयनी, मी तुमच्याच भल्याचं...

सुभद्राबाई : माह्या घरातल्या बाईले ठेवलेली म्हणायचं असन तं उंबरठ्याच्या बाहीर जाऊन म्हणा. तथी कुत्रे हायेत ऐकाले.

अन्नपूर्णाबाई : पाणी पेऊन जा, भाऊजी. आमच्या घरून कोणी कोरड्या घशानं जात नाही.

शालिग्राम : आमच्या? आता 'आमच्या' झालं? बोलत तं नाही एकमेकींशी!

सुभद्राबाई : नाही बोलत. त्याचा अन् याचा काय संबंध?

शालिग्राम : कमाल हाये बापा या घराची. येतो मी.

अन्नपूर्णाबाई : या. टोपी राह्यली तुमची. हां, अन् पायरीले जपून.

सुभद्राबाई : (चहाचे कप उचलते.)

अन्नपूर्णाबाई : मने, ए मने, सांग बरं तिले, पाहुणा वळणावरून गेला.

सुभद्राबाई : मांजर झोपली हाये.

अन्नपूर्णाबाई : मंग आता कोणाच्या हाती निरोप धाडू?

सुभद्राबाई : दार लाव. पडू घडीभर.

अन्नपूर्णाबाई : मले म्हटलं?

सुभद्राबाई : तुलेच. अजून कोण हाये घरात? अन् वरची कडीबी लाव. खांदा धरला हाये माहा, हात पोचत नाही.

अन्नपूर्णाबाई : ठाऊक हाये, बाई. दिवाळीपासून मीच तं लावून राह्यली रोज.

सुभद्राबाई : हाव. दोन्ही कड्यांचा आवाज येते मले. मंगच डोळा लागते.