दर दहा मिनिटांचं बटण

"बाळ लहान आहे, नवरा सतत फिरतीवर. रोज सकाळी मला एक फोन करत जा," आई म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं.

परवा बाळाच्या लशीसाठी दवाखान्यात बसले होते. शेजारी जहाजावरचे एक निवृत्त कप्तान होते, प्लॅस्टरमधला हात गळ्यात बांधलेला. सोबत पूर्वी त्यांच्या हाताखाली असलेला अधिकारी.

"साहेब, बाथरूममध्ये किती वेळ पडून होतात?"

"सकाळपासून. दुपारी शेजारीण माझी जादा किल्ली परत द्यायला आली, दार उघडून आत आली म्हणून सापडलो."

"हाका नाही मारल्यात?"

"मारल्या की. जहाजावर एका हाकेला वीस माणसं यायची. इथं नळ तेवढा ठिबकत होता."

"ते बटण आठवतंय? पहाऱ्यावर जागे आहोत हे कळावं म्हणून दर दहा मिनिटांनी दाबायचं. नाही दाबलं की तुमच्या केबिनमध्ये घंटा."

"एकदा तू डुलकी काढलीस. बनियनवर धावत आलो होतो मी!"

"आणि माझ्या सात पिढ्या उद्धरल्यात. आता घरी तुमचं बटण कुठाय?"

"मी काय पहाऱ्यावर आहे?"

"रोज सकाळी सातला मला फोन करायचा. नाही आला, तर मी निघालोच."

"म्हणजे कप्तानानं तुला हजेरी द्यायची?"

"हो."

"सातला नाही. आठला. वेळ मी ठरवणार."

"आठ तर आठ. आठ वाजून दहा मिनिटांनी मी दारात."

आमचा नंबर पुकारला. मी नर्सबाईंना दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि आईला फोन लावला.

तुमचंही कुणी एकटं राहत असेल. आत्ता फोन करा. उचलला नाही, तर आवरत बसू नका, निघा.