दरख्वास्तीवर रंगाऱ्याचा अंगठा

—व्हय साहेब, तो शेवटचा अंगठा माझाच हाय. अल्लाबक्ष रंगारी, वसमतचा. घाण माझी, अन् तिच्या तक्रारीच्या दरख्वास्तीला अंगठाबी माझाच! हसा, हसा तुमी. तहसिलीत इतकी वर्सं काढली, पर असला गाढव पाह्यला होता का? न्हाई ना?

त्याचं असं झालं—दत्तोपंत मास्तर आले, गल्लीतली चार मंडळी संगं. म्हणले, अल्लाबक्ष, आठ दिवस झाले, वासानं घास गिळंना, तुला येतो का? आता काय सांगू? रंगाऱ्यानं म्हणावं, मला वासच येत न्हाई? लढाईपायी परदेशी रंगाची पुडी बंद झाली, तवापासून बापाच्या निळीच्या नांदेवरच पोट हाय, अन् नांद चालते नाकावर. चुना, गूळ कोणीबी टाकंल, वरचा फेस डोळ्याला दिसंल, पर खाली नीळ जगली का सडली ते नाकालाच कळतं. म्हणून मी बी नाक दाबलं! म्हणलं, लई घाण बॉ, नाल्याकडून असंल—ज्याची असंल त्याचं बंद पाडा! मास्तर माझ्याकडं पाह्यतच राहिले. मला वाटलं, माझ्या हिमतीकडं पाहून राहिले. त्यांनी कागद पुढं केला, वाचता येतंय कुठं मला? दाबला अंगठा.

काहून असं पाह्यता? नाक कवा गेलं?—हां, निसटलं तोंडातून. दोन वर्सं झाली, तापात गेलं. एका खतीजाबीला, माझ्या घरवालीला, ठाऊक होतं. रोज पाण्याला जाताना ती नांदेवर वाकायची, हळूच सांगायची—आज चुना घाला, आज हात लावू नका. लोक म्हणायचे, अल्लाबक्षचं नाक म्हणजे नाक! अन् मी मिशीला पीळ देऊन राहिलो. नाक तिचं, मिशी माझी. गेल्या महिन्यात ती गेली. चाळिसावा दिस बी व्हायचा हाय. लई याद येते साहेब, अन् नांदेपाशी जास्तच.

लिवा, काय लिवायचं ते लिवा. पर आधी एक तकलीफ देतो. या इकडं, झाकण काढलं, जरा वाका. बापानं लावलेली नांद, आजवर कधी ओतली न्हाई. जगली असंल तर चुन्यानं सावरीन, सडली असंल तर आजच गावाबाहेर नेऊन ओततो, खुदाकसम. घ्या वास—नीट घ्या. आंबूस येतो, का—

साहेब! साहेब, कपड्यांवर नको, तिकडं मोरीत ओका.

बसा. हे घ्या पाणी. न्हाई, सांगू नका, कळलं मला. जा तुमी आता. मला नांद ओतायची हाय.