भाजणीचा पुरावा

आयर्लंडमधल्या ॲथलोनला मी थालिपिठाची भाजणी ऑनलाइन विकायचे ना, तेव्हाची गंमत ऐका. रोहित नावाच्या गिऱ्हाइकाने बँकेत तक्रार ठोकली, "पार्सल मिळालंच नाही, पैसे परत करा." बँक मला म्हणे, पोचल्याचा पुरावा द्या. डोकं नुसतं तापलं!

तेवढ्यात फोन आला. "पाकिटावर नंबर दिसला म्हणून केला. मी रोहितची आई, नागपूरहून आली आहे. काय मस्त भाजणी आहे बाप्पा!"

मी गोड आवाजात म्हटलं, "काकू, पाकीट हातात धरून एक फोटो पाठवता?"

लगेच आला. पाकीट धरून हसणाऱ्या काकू, आणि मागे थालीपीठ हाणणारा रोहित!

तोच बँकेला पाठवला. तक्रार बंद.

पुढच्याच आठवड्यात काकूंनी आणखी दोन किलो मागवली, रोहितच्याच कार्डवर.